भिंगांची गोत्रं

महाग आणि सवंग हे एकाच घरातले शब्द. संस्कृतात ‘अर्घ’ म्हणजे किंमत, मोल. देवाला किंवा पाहुण्याला आदरानं द्यायचं ते अर्घ्य, तेही याच कुळातलं. ज्याचा अर्घ मोठा ते महार्घ. त्याचं झिजत झिजत महाग झालं. ज्याचा अर्घ बेताचा ते समर्घ, त्याचं सवंग. म्हणजे सवंग वस्तू मुळात हलकी नव्हती, वाजवी होती. पुढे सवंग विनोद, सवंग लोकप्रियता असे प्रयोग रुळले आणि किमतीचा शब्द दर्जाचा शब्द होऊन बसला. शब्दाची अशी घसरण झाली, की भाषाशास्त्रात तिला अर्थापकर्ष म्हणतात.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी लहानसं, परवडणारं भिंग शोधायला निघालेल्या माणसाला हा अर्थापकर्ष पावलोपावली भेटतो. समोर नावांची रांग असते: एल्मार, सुमिक्रॉन, टेसार, सोनार, नॉक्टन, स्कोपार, ज्युपिटर, इंडस्टार, रॉकोर. प्रत्येक नावाला बाजारात एक भाव चिकटलेला आहे, आणि भावावरून नावाची इज्जत ठरते. पण ही नावं ठेवली गेली ती भाव सांगायला नव्हे. कुणी त्यांत काचा मोजल्या, कुणी प्रकाशाचा शब्द घातला, कुणी गावाजवळचा डोंगर. नावाचं गोत्र विचारलं, की भिंगाची रचना कोणती, ते कुठून आलं आणि कशासाठी केलं, यातलं पुष्कळसं कळतं. भाव त्यानंतर विचारावा.

आधी यंत्राचंच नाव बघू. कॅमेरा हा लॅटिन शब्द, अर्थ खोली. ‘कामेरा ऑब्स्क्युरा’ म्हणजे अंधारी खोली. भिंतीच्या बारीक छिद्रातून बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उलटं उमटायचं, ती. पोर्तुगीजांच्या ‘कामरा’मधून हिंदीत कमरा आला. म्हणजे कॅमेरा आणि कमरा एकच. लेन्स हा शब्द तर थेट कडधान्याच्या डब्यातून आला आहे. लॅटिनमध्ये लेन्स म्हणजे मसूर, आणि वनस्पतिशास्त्रात मसुराचं नाव आजही लेन्स क्युलिनारिस असंच आहे. दोन्ही बाजूंनी फुगीर काच मसुरासारखी दिसते, म्हणून हे नाव. अरबीतही मसूर आणि भिंग यांना एकच शब्द आहे.

रेंजफाइंडर मात्र घडला लष्करी कामातून. तोफेचा पल्ला ठरवायचा तर लक्ष्य किती लांब आहे ते कळायला हवं. १८८८ साली ब्रिटिश लष्करासाठी असं उपकरण करण्याच्या खटपटीतून आर्चिबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड या दोन प्राध्यापकांची भागीदारी सुरू झाली, आणि तिचा पुढे ग्लासगोत मोठा कारखाना झाला. तत्त्व जुनंच. हाताचा अंगठा समोर धरून आळीपाळीनं एकेक डोळा मिटला, तर अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकल्यासारखा दिसतो. या सरकण्याला सूर्यसिद्धान्तात ‘लंबन’ असं नाव आहे; ग्रहणाच्या गणितात ते लागतं. कॅमेऱ्यात दोन डोळ्यांच्या जागी दोन झरोके असतात. त्यांतली दोन चित्रं एकमेकांवर आणून बसवली, की अंतर सापडतं आणि भिंग त्या अंतरावर जुळतं. दृश्य बघण्याची आणि अंतर मोजण्याची खिडकी लायकानं १९५४ साली एकाच चौकटीत आणली आणि त्या कॅमेऱ्याला एम-३ म्हटलं. त्यातला ‘एम’ जर्मन ‘मेससूखर’चा; मापून शोधणारा, असा त्याचा अर्थ.

भिंग लहान का हवं, याचं उत्तर या बांधणीत आहे. रेंजफाइंडरमध्ये आपण भिंगातून बघत नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. भिंग जाडजूड असेल तर ते खिडकीसमोर येतं आणि चौकटीचा खालचा कोपरा खातं. दुसरी गोष्ट, या कॅमेऱ्यात आरसा नाही. आरशाच्या कॅमेऱ्यात भिंगाला आरशाच्या हालचालीपुरतं पुढे राहावं लागतं. निकॉनच्या एफ बैठकीत भिंगाच्या बसण्यापासून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर जातात. लायका एममध्ये तेच अंतर २७.८ मिलिमीटर. त्यामुळे रुंद कोनाचं भिंग इथे फिल्मच्या अगदी जवळ जाऊन बसू शकतं आणि लहान राहतं. अशा चपट्या भिंगांना इंग्रजीत पॅनकेक म्हणतात. नाव ठेवण्याचं काम कोकणात झालं असतं तर धिरडं म्हणाले असते.

३५ किंवा ५० मिलिमीटर हा जो आकडा भिंगावर कोरलेला असतो, ते त्याचं नाभीय अंतर. मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘फोकस’ला नाभी म्हटलं. लॅटिनमध्ये फोकस म्हणजे चूल. केप्लरनं १६०४ साली प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात हा घरगुती शब्द शास्त्रात आणला. भिंगातून आलेलं ऊन एका बिंदूत गोळा होऊन कागद पेटवतं, हे डोळ्यांपुढे आणलं तर चूल हे नाव चपखल वाटतं. आपल्या सूर्यकांत मण्याची कल्पनाही तीच. शरीराच्या मध्यावरची नाभी आणि घराच्या मध्यावरची चूल, दोन भाषांनी एकाच बिंदूला दिलेली ही नावं आहेत. चूल जितकी जवळ, तितकं चित्र रुंद. रस्त्यावर, घरात, माणसांत वावरताना ३५ सोयीचं. चेहऱ्याकडे जायचं तर ५०.

लायका हे नाव लाइट्झ ही कंपनी आणि कॅमेरा यांच्या जोडाचं. मराठीतल्या लायकीशी त्याचा काही संबंध नाही, तरी बाजारात तसा समज दिसतो. ओस्कार बार्नाकचा हा कॅमेरा १९२५ साली लाइपझिगच्या वसंत जत्रेत लोकांसमोर आला. त्याचं भिंग माक्स बेरेकनं आखलं होतं आणि सुरुवातीच्या एका भिंगाचं नाव एल्मॅक्स. एर्न्स्ट लाइट्झमधली ‘ए’ आणि ‘एल’ ही अक्षरं, पुढे बेरेकचा माक्स. रचना सोपी झाली, नाव एल्मार झालं. नंतरच्या हेक्टर या भिंगाला बेरेकच्या कुत्र्याचं नाव मिळालं, असं सांगतात. ‘सुम’नं सुरू होणारी नावं लॅटिन ‘सुम्मुस’ची, म्हणजे सर्वांत वरचं. सुमिलक्समधला ‘लुक्स’ म्हणजे प्रकाश, आणि हा प्रकाश आपल्याला परका नाही. ज्या मूळ धातूतून तो आला, त्यातूनच संस्कृत ‘रुच्’ आला. रुच् म्हणजे चमकणे. चमकतं ते आवडतं, म्हणून रुची. इराणी बाजूनं त्याच धातूचं रोशन झालं आणि त्यावरून आपली रोषणाई.

पुढे पुढे लायकाची नावं प्रकाशाची पायरी सांगू लागली. एल्मार म्हणजे एफ/३.५ किंवा ४, एल्मारिट २.८, सुमिक्रॉन २, सुमिलक्स १.४. आकडा लहान तितकं भिंगाचं तोंड मोठं. २.८ वरून २ वर आलं की प्रकाश दुप्पट, २ वरून १.४ वर आलं की पुन्हा दुप्पट. किंमत दुपटीवर थांबत नाही, आणि वजनही वाढतं. पण ही पायरीही अढळ नव्हती. १९४९ साली सुमारिट हे नाव एफ/१.५च्या भिंगाला दिलं होतं, त्या काळच्या लायकाच्या सर्वांत जास्त प्रकाश घेणाऱ्या भिंगांपैकी ते एक. २००७ साली तेच नाव परत आलं ते एफ/२.५च्या, कंपनीच्या त्यातल्या त्यात स्वस्त मालिकेवर. सवंगच्या जोडीला बसवता येईल असा हा अर्थापकर्ष आहे. फरक इतकाच, की इथे खाली आलं ते नाव. नवी सुमारिट भिंगं वाईट नव्हती, लहान आणि नेटकी होती. जुन्या नावाच्या वजनाकडे बघणाऱ्याला ते जाणवलं नसणार.

आता ज्या नावात काचा मोजल्या आहेत ते. येनाच्या कार्ल झाइस कारखान्यात पॉल रुडॉल्फनं १९०२ साली चार काचांचं भिंग आखलं: पुढे एक, मध्ये एक, मागे दोन चिकटवलेल्या. ग्रीकमध्ये ‘तेस्सारा’ म्हणजे चार, म्हणून टेसार. ग्रीक तेस्सारा, संस्कृत चत्वारः आणि आपला चार ही एकाच मूळ शब्दाची पिल्लं. आद्य भाषेतला तो घशातला ‘क्व’ संस्कृतात ‘च’ झाला, ग्रीकमध्ये ‘त’, लॅटिनमध्ये तसाच राहून ‘क्वात्तुओर’. थोडक्यात, टेसारचं मराठी भाषांतर करायची गरज नाही. ते चारच आहे. झाइसनं त्याची जाहिरात कॅमेऱ्याचा गरुडाचा डोळा म्हणून केली. एल्मारही चारच काचांचं, फक्त त्यातली प्रकाश कमी-जास्त करणारी पाकळ्यांची झडप दुसऱ्या जागी आहे. चारांच्या या घराण्याचा स्वभाव ठरलेला: प्रकाश बेताचा, एफ/२.८ ते ३.५, आकार छोटा, करायला सोपं, म्हणून स्वस्त, आणि एक-दोन पायऱ्या झडप मिटली की चित्र धारदार. पन्नासचा एल्मार तर न वापरताना कॅमेऱ्याच्या आत ढकलून ठेवता येतो. नाव ओळखीचं नसलं तरी भिंग चार काचांचं आहे कळलं, की त्याच्याकडून काय मागायचं आणि काय नाही, ते ठरतं.

सोनार हे नाव मराठी कानाला फसवतं. सोन्याशी त्याचं नातं नाही, मूळ जर्मन ‘झोन’ म्हणजे सूर्य. सोंटहाइम गावच्या नेटेल या कॅमेरा कारखान्यानं ते आधी वापरलं होतं. कारखाना झाइस इकॉनच्या कुटुंबात विलीन झाला आणि नावही आलं. लुडविग बेर्टेलेनं १९३०च्या सुमारास आखलेली भिंगं या नावानं कॉन्टॅक्स कॅमेऱ्यावर चढली. फोख्टलेंडर कंपनीच्या हेलिआरमध्ये आणि सोव्हिएत हेलिओसमध्ये ग्रीक सूर्य आहे, ‘हेलिओस’. संस्कृत सूर्य, जर्मन झोन आणि ग्रीक हेलिओस हे तिघेही एकाच मूळ शब्दाचे. ग्रीकनं सुरुवातीच्या ‘स’चा ‘ह’ केला. इराणी भाषांनीही तेच केलं, म्हणून आपल्याकडे सप्ताहही आहे आणि हप्ताही. देवळात हरिनामाचा सप्ताह बसतो आणि कॅमेऱ्याचा हप्ता भरतो, तेव्हा एकाच ‘सात’चे दोन उच्चार आपण वापरत असतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री सोव्हिएत संघात गेली आणि कीव्हच्या आर्सेनल कारखान्यात कॅमेरे होऊ लागले. सोनारच्या आराखड्यावरचं ५० मिलिमीटर एफ/२ भिंग तिथल्या व्यवस्थेत ज्युपिटर-८ झालं. लायकाच्या आट्यांमध्ये बसणारी आवृत्तीही निघाली. ज्युपिटर म्हणजे आपला गुरू ग्रह, पण शब्दाच्या नात्यानं तो गुरू नव्हे. ‘द्यु’ आणि ‘पितर’ यांचा तो लॅटिन संयोग. ऋग्वेदातला द्यौष्पिता तोच. याच ‘द्यु’च्या घरात दिवस आणि देव हे शब्दही राहतात. एका नास्तिक राज्याच्या कारखान्यात इतका जुना देव अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवर कोरला जावा, ही गंमतच. त्याचा धाकटा जोडीदार इंडस्टार. नावाच्या पुढच्या भागात औद्योगिकीकरणाचा घोष, शेवटच्या ‘आर’मध्ये टेसारचा पडसाद, आणि आत खरोखरच चार काचा. हार्किव्हमध्ये बेघर मुलांच्या वसाहतीत १९३४पासून झालेल्या फेड कॅमेऱ्याच्या पुढच्या पिढ्यांवर इंडस्टार-६१ असायचं. त्याच्या काचेत लँथॅनम हे मूलद्रव्य आहे. १८३९ साली मोसांडरनं ते दुसऱ्या एका मूलद्रव्याच्या संयुगात लपलेलं शोधलं, म्हणून ग्रीक ‘लपून राहणे’ यावरून त्याचं नाव ठेवलं.

सर्वांत कमी पैशांत भिंग हवं असेल तर ही दोन नावं. पण दोन गोष्टी तपासायच्या. एक, सोव्हिएत भिंगांची अंतराची जुळणी लायकाच्या मापाशी तंतोतंत जमेलच असं नाही. ज्युपिटर-८ पूर्ण उघडून जवळच्या माणसाचा फोटो काढला तर धार डोळ्याऐवजी कानावर पडू शकते. ३५ मिलिमीटरचं ज्युपिटर-१२ यात जास्त सोशिक, मात्र त्याची मागची काच कॅमेऱ्याच्या पोटात खोल जाते आणि काही कॅमेऱ्यांत ती अडते. दोन, भिंगाच्या आत बुरशी आणि धुरकटपणा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरायला फार वेळ लागत नाही. घेताना भिंग उजेडाकडे धरून आरपार पाहावं आणि घेतल्यावर कोरड्या डब्यात ठेवावं.

आटे हा शब्द आला म्हणून: लायकाची जुनी बैठक ३९ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची, एमची बैठक फिरवून अडकवायची. जुन्या बैठकीत भिंग आणि फिल्म यांतलं अंतर २८.८ मिलिमीटर, म्हणजे एमपेक्षा बरोबर एक मिलिमीटर जास्त. त्या एका मिलिमीटरच्या जागेत एक पातळ कडी बसते आणि आट्यांची बहुतेक सगळी जुनी भिंगं एमवर चालतात. स्वस्त भिंगाचा बाजार एवढा मोठा आहे तो या कडीमुळे. उलट दिशेनं मात्र जमत नाही.

जपानी नावांत एक नाव महाराष्ट्रापर्यंत पोचतं. १९३४ साली तोक्योच्या एका छोट्या प्रयोगशाळेनं पहिला नमुना कॅमेरा केला, त्याचं नाव क्वानोन, करुणेची बौद्ध देवता. भिंगाचं नाव काश्यप, बुद्धाच्या शिष्यावरून. क्वानोन हे चिनी ग्वानयिनचं जपानी रूप आणि ग्वानयिन हे अवलोकितेश्वराचं चिनी भाषांतर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा असलेला पद्मपाणी तोच. अवलोकित म्हणजे ज्यानं पाहिलं आहे तो. आपलं अवलोकन त्याच शब्दातलं. पुढच्या वर्षी कंपनीनं कॅनन हे नाव नोंदवलं आणि देवता मागे पडली, तरी पाहण्याच्या यंत्राला पाहणाऱ्या बोधिसत्त्वाचं नाव, यापेक्षा नेमकं नामकरण सापडायचं नाही. काश्यप तर आपल्याकडे गोत्र माहीत नसलेल्यांचं गोत्र. आट्यांची जुनी कॅनन भिंगं, विशेषतः ३५ आणि ५० मिलिमीटरची, अजूनही लायकाच्या भिंगांपेक्षा बरीच कमी किमतीत मिळतात. रॉकोर हे मिनोल्टाचं नाव कोबेजवळच्या रोक्को डोंगरावरून. १९७३ साली लायका आणि मिनोल्टानं मिळून सीएल हा छोटा कॅमेरा काढला. त्याचं ४० मिलिमीटर एफ/२ भिंग लायकाच्या छापानं सुमिक्रॉन-सी, मिनोल्टाच्या छापानं रॉकोर. एकाच जोडीची ही दोन नावं, आणि कमी भाव रॉकोरचा. मोठ्या एमवर त्याला ५०ची चौकट दिसते, तेवढं मनात धरून फोटो काढायचा.

राहिली दोन नावं, नॉक्टन आणि स्कोपार. दोन्ही फोख्टलेंडरची; हे घराणं १७५६ साली व्हिएन्नात सुरू झालं आणि त्याचं नाव १९९९पासून जपानच्या कोसिनानं रेंजफाइंडरच्या जगात पुन्हा चालतं केलं. नॉक्टनमध्ये लॅटिन रात्र आहे, ‘नोक्स’. तिची संस्कृत बहीण ‘नक्त’. दिवसभर उपास करून रात्री जेवायचं ते नक्त व्रत पोथ्यांतून अजून आहे. रात्रीचं भिंग हवं की नाही, हा पैशांचा मुख्य प्रश्न. एफ/१.४चं भिंग एफ/२.५च्या भिंगापेक्षा सुमारे तिप्पट प्रकाश घेतं. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण फिल्म ४००ऐवजी १६००वर वापरली, तर चौपट संवेदनशीलता फुकट मिळते, थोडे जाड दाणे सोसायची तयारी हवी. रोज रात्रीच फोटो काढणाऱ्यानं नॉक्टन घ्यावं. बाकीच्यांनी रात्रीसाठी दिवसभर वजन वाहू नये.

स्कोपारच्या मुळाशी ग्रीक ‘स्कोप’ आहे, पाहणे. टेलिस्कोप, मायक्रोस्कोपमधला तोच. आद्य धातू ‘स्पेक्’. ग्रीकनं त्यातल्या ‘प’ आणि ‘क’ची अदलाबदल केली, चाकू-काचूसारखी. संस्कृतात तो ‘स्पश्’ झाला. पश्यति त्यातला, आणि त्याचंच भूतकाळवाचक विशेषण स्पष्ट. स्पष्ट म्हणजे मुळात ‘दिसलेलं’. स्कोपार आणि स्पष्ट हे चुलत भाऊ आहेत. जुना स्कोपार चार काचांचा होता. रंगीत फिल्म आल्यावर त्याच्यामागे ‘कलर’ लागला. कोसिनानं ३५ मिलिमीटर एफ/२.५ला कलर-स्कोपार म्हटलं तेव्हा आत सात काचा होत्या. म्हणजे नावाचा अर्थ पुन्हा बदलला: रचना गेली, वृत्ती राहिली. कोसिनाच्या यादीत स्कोपार म्हणजे प्रकाशाची फुशारकी न मारणारं, लहान, रास्त किमतीचं भिंग. वजन दीडशे ग्रॅमच्या आत, खिडकीतला कोपरा मोकळा, धार पहिल्या पायरीपासून.

पहिलं भिंग घेणाऱ्याला म्हणून मी ३५चं स्कोपार सुचवीन; त्याहून कमी पैसे असतील तर इंडस्टार, आणि जुळणीची खटपट करायची हौस असेल तर ज्युपिटर. रोषणाई, रात्र आणि सर्वोच्च यांना बाजार जास्त मोजतो. ‘चार’ आणि ‘स्पष्ट’ त्यामानानं सवंग मिळतात, अगदी समर्घ या जुन्या अर्थानं, आणि फोटोत मुळात एवढंच हवं असतं, की जे पाहिलं ते स्पष्ट उमटावं.